पाटाचे दार कोणी उघडायचे?

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आणि नाशिकच्या बागलाणात मोसम, आरम या नद्यांच्या काठी काही शतके एक शेती चालत आली. तिला फड बागायत म्हणतात. नदीत आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाला फुटलेल्या चाऱ्या आणि चाऱ्यांखाली मोठाले फड, अशी तिची साधी रचना. पण या फडांचा एक नियम बाहेरच्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. आपल्या शेताला पाणी आपण द्यायचे नाही. पाणी देणार पाटकरी, आणि तो गावाने नेमलेला. पिकाचेही तेच. एका फडात एका वर्षी एकच पीक. फडाला ऊस ठरला तर सगळ्यांचा ऊस, गहू ठरला तर सगळ्यांचा गहू. जमीन नावावर, बैल दावणीला, नांगर घरचा. पण पेरायचे काय आणि पाणी केव्हा घ्यायचे, या दोन्ही गोष्टी एकट्या मालकाच्या मर्जीबाहेर. आजच्या मापाने मोजले तर या शेतकऱ्याला स्वातंत्र्य फारसे नव्हतेच. तरीही धरण नाही, पंप नाही, सरकारी खाते नाही, अशा काळात याच शेतकऱ्याने बारमाही नसलेल्या नद्यांच्या भरवशावर बारा महिन्यांचे उसाचे पीक पिढ्यान्‌पिढ्या उभे केले. हे कोडे सोडवताना एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो: आपल्या हाती काही आहे, असे माणसाला कशामुळे वाटते आणि त्या वाटण्याचा कार्य तडीस जाण्याशी काय संबंध असतो?

मानसशास्त्रात या प्रश्नाला ठळक रूप दिले ते अमेरिकी अभ्यासक ज्युलियन रॉटर यांनी. 1966 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात माणसांतला एक फरक मोजण्याची रीत होती. काहीजण आपल्या बऱ्यावाईटाचे कारण स्वतःच्या करणीत शोधतात, तर काहीजण नशिबात, योगायोगात किंवा बलवान माणसांच्या मर्जीत. पुढच्या अनेक अभ्यासांनी पहिल्या प्रकारच्या माणसांचा चिकाटीशी आणि यशाशी संबंध जोडला. ही कल्पना शास्त्रातून बाजारात आली तेव्हा तिचे दोन अर्थ पक्के झाले. एक, ताबा म्हणजे स्वतःच्या मनासारखे करण्याची मोकळीक. दोन, ताब्याची जाणीव हा स्वभावाचा गुण. तो ज्याच्याकडे आहे तो पुढे जातो, नाही तो दैवाला दोष देत बसतो. फडाचा आणि त्यानंतरच्या कालव्यांचा इतिहास हे दोन्ही अर्थ खोटे पाडतो, असे माझे म्हणणे आहे. आज घातलेल्या कष्टाचे फळ ठरल्या वेळी पदरात पडेल हा भरवसा म्हणजे ताबा. असा भरवसा स्वभावात शोधून सापडत नाही. तो व्यवस्थेत असतो किंवा नसतो.

आधी फडाची घडण पाहू. हे बंधारे नेमके कोणी बांधले, याचा एकच निर्णायक पुरावा दाखवता येत नाही. लोकपरंपरा काहींचा संबंध फारुकी राजवटीशी लावते, आणि 1880 साली छापलेल्या खानदेश गॅझेटिअरने त्यांची नोंद जुनी कामे म्हणूनच केली. बंधाऱ्याखालच्या भिजक्षेत्राचे बहुधा तीन-चार फड पाडलेले असत. एका वर्षी एका फडात ऊस, दुसऱ्यात भातासारखे किंवा गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, तिसऱ्यात कमी पाण्याचे काही किंवा नुसता विसावा. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. खरी मेख जमिनीच्या वाटणीत होती. साधारणपणे प्रत्येक कुटुंबाची पट्टी प्रत्येक फडात असे. त्यामुळे यंदा उसाचा फड कोणताही असो, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा ऊस येई आणि प्रत्येकाची थोडी जमीन पडीकही राही. कारभार पंचांकडे. त्यांच्या हाताखाली पाणी फिरवणारा पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि पिकाच्या व पाटाच्या राखणीला जागल्या. यांची मजुरी बागायतदार धान्यात देत. पाटातला गाळ काढणे, फुटके बांध सावरणे ही कामे सगळ्यांनी मिळून करायची. ज्याचे भिजणे जास्त, त्याचा भारही जास्त.

आता या नियमांकडे उसाच्या नजरेने पाहावे. ऊस लावणारा माणूस वर्षभर आधी पैज लावतो. बेणे, शेणखत, मजुरी, गुऱ्हाळाचा खर्च आधी होतो आणि गूळ हाती येतो तो सरते शेवटी. मधल्या चैत्र-वैशाखात दोन पाळ्या चुकल्या तर सगळे मुसळ केरात. अशा पिकाला धाडसापेक्षा खात्री जास्त लागते. फडातली खात्री दोन गोष्टींतून येई. नदीला झेपेल तेवढाच ऊस लावायचा, हे गाव आधीच ठरवी. आणि पाणी आटले तर कोणत्या फडाचे आधी तोडायचे, हेही आधीच ठरलेले असे. शिवाय हे ठरवणाऱ्या पंचांच्या पट्ट्याही त्याच फडांत पसरलेल्या. चुकीचा अंदाज बांधला तर त्यांचाही ऊस वाळणार. म्हणजे निर्णय घेणारा हात आणि भोगणारे कपाळ एकाच शरीराचे होते. एकट्या शेतकऱ्याने मोकळीक गहाण ठेवली, पण बदल्यात वर्षभराच्या पुढचे दिसण्याची सोय मिळवली. शेजारी रातोरात चारी फोडणार नाही, वरच्या अंगाचा मोठा बागायतदार सगळे पाणी ओढून नेणार नाही, हे त्याला ठाऊक होते. ज्याला उद्याचे ठाऊक आहे तोच आज खर्च करतो.

याच्या उलट टोकाचा प्रयोग इंग्रज सरकारने दख्खनमध्ये केला. 1876 ते 1878च्या दुष्काळानंतर कोरडवाहू मुलखाला आधार म्हणून कालवे काढण्याच्या कामाला जोर आला. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवे यांचे काम दुष्काळाआधीच सुरू झाले होते. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला. 1879च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याच्या पाण्यावर सरकारचा अंमल पक्का केला. शेतकऱ्याला मात्र निवड होती: हंगामाला अर्ज करा, पाणी घ्या, नको तर घेऊ नका. मोकळीक फडापेक्षा कितीतरी जास्त. पण पाऊस बरा झाला की कालव्याच्या पाण्याला गिऱ्हाईक मिळेना, आणि पाऊस हुकला की सगळे एकदम दाराशी. बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याने वर्षभर पाणीपट्टी भरून जमिनीची मशागत बदलावी, बांध घालावेत, खताला पैसा ओतावा, असे घडले नाही. अधिकाऱ्यांनी याचे कारण रयतेच्या स्वभावात शोधले. रयत जुन्या वळणाची, आळशी, दैवावर हवाला ठेवणारी, हा सूर त्या काळच्या सरकारी विचारात वारंवार ऐकू येतो. रॉटर यांची मोजपट्टी त्या साहेबांच्या हाती असती, तर त्यांनी नीरेकाठचा शेतकरी बेधडक दैववादी ठरवला असता.

पण त्याच काळात दुसरे निदानही झाले होते. 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी पाटबंधारे खात्यावर कोरडे ओढले. पट्टी घेताना खाते तत्पर, पण पिकाला वेळेवर आणि पुरेसे पाणी पोचते की नाही याची त्याला फिकीर नाही, हा त्यांचा रोख होता. प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी मापून देणारी तोटी बसवावी, अशा धर्तीचा उपायही त्यांनी सुचवला. म्हणजे दोष शेतकऱ्याच्या वृत्तीत नसून पाण्याच्या बेभरवशात आहे, असे ते सांगत होते. पुढच्या काही दशकांनी त्यांचीच बाजू खरी ठरवली. नीरा कालव्यावर उसाची भरभराट झाली, तिच्यात सासवडकडून आलेल्या माळी बागायतदारांचा वाटा मोठा होता. विहिरीच्या पाण्यावर बागायत करण्याची त्यांना पिढीजात सवय होती. मोटेच्या पाण्याचा हिशेब ज्याला कळतो, त्याला कालव्याच्या पाण्याचे मोल आणि धोके दोन्ही कळतात. याच समाजातल्या बागायतदारांनी 1930च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. सासवड आणि नीरेचे खोरे यांत अंतर काही कोसांचेच. तेवढ्या अंतरात स्वभाव बदलत नाही. बदलला होता तो पाण्याच्या हिशेबाचा अनुभव.

सरकारच्या नोकरीतही एका माणसाला हे उमगले होते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आले. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते खानदेशात होते आणि साक्री भागातल्या दातर्ती येथे त्यांनी पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे काम पार पाडले. म्हणजे फडांचा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता. पुढे पुणे भागाच्या कालव्यांची जबाबदारी आल्यावर, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांच्या कराराने पाणी द्यायचे, त्यातल्या एका हिश्शातच ऊस घ्यायचा आणि तो फिरता ठेवायचा. फडाशी असलेले तिचे साम्य उघड आहे. हंगामापुरत्या अर्जाऐवजी काही वर्षांची हमी आली, तेव्हा शेतकऱ्याला पुढचे दिसू लागले. मात्र फडातली एक गोष्ट ब्लॉकमध्ये उतरली नाही. नियम खात्याचे होते. पाणी सोडणारा कालवा कर्मचारी गावाला जबाबदार नव्हता आणि त्याची चूक झाली तर त्याचा ऊस वाळणार नव्हता. हमी आली, पण हमी देणाऱ्याला जाब विचारण्याची सोय आली नाही. महाराष्ट्राच्या कालव्यांवर शेजपाळीचे, म्हणजे शेतामागून शेताला पाळी देण्याचे, वेळापत्रक आणि पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज रुळला, तरी शेपटाच्या शेतकऱ्याचा भरवसा उणाच राहिला, त्याचे मूळ इथे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की फड यशस्वी झाले ते भूगोलामुळे. सह्याद्रीच्या कुशीतून उतरणाऱ्या नद्या, पावसाळ्यानंतरही काही महिने झिरपत राहणारा प्रवाह, बंधाऱ्याला योग्य खडक, पाटाला योग्य उतार. अशी अनुकूलता असली की कोणालाही आपल्या हाती सगळे आहे असे वाटेल. म्हणजे यशाने ताब्याची जाणीव दिली, ताब्याने यश नव्हे. या आक्षेपात निम्मे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. जाणीव आणि यश एकमेकांना खतपाणी घालतात. पण भूगोलच सर्व काही असता, तर पाणी वाढल्यावर फड आणखी बहरायला हवे होते. झाले उलटे. गिरणा नदीवर चणकापूरचे धरण 1911 साली झाले. स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारी, कान नदीवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा अशी धरणे झाली. पाणी साठू लागले, पण ते केव्हा सोडायचे ही किल्ली गावाकडून कचेरीकडे गेली. नदीचा रागरंग पाहून पंचांनी बांधायचा अंदाज निरर्थक झाला, कारण आता नदी कार्यालयाच्या वेळापत्रकाने वाहू लागली. ज्या गावांना पाणी कमी असतानाही नियम पाळता येत होते, त्यांच्यापैकी अनेकांचे नियम पाणी साठवले गेल्यावर सैल झाले. पाण्याचे प्रमाण आणि पाण्यावरचा ताबा या निराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधून मिळणे कठीण.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. फड मोडण्यात धरणांइतकाच विहिरींचा आणि विजेच्या पंपांचा हात होता. ज्याने विहीर खोदली त्याला पाटकऱ्याची वाट पाहायची गरज उरली नाही. बटण दाबले की पाणी. हवा तो फड, हवे ते पीक. ताबा म्हणतात तो हाच आणि त्याने उत्पन्नही वाढवले. मग फडाचे गोडवे कशाला? खरेच आहे, विहिरीने कित्येक कुटुंबांना वर काढले आणि फडाच्या शिस्तीत घुसमटणाऱ्या हुशार शेतकऱ्याला ती मुक्तीच वाटली असेल. पण विहिरीचा ताबा एका अटीवर टिकतो: शेजाऱ्याने आपल्याहून खोल खोदू नये. ही अट कोणी कोणावर घालू शकत नाही. विहिरीला आडवे बोअर, मग उभ्या बोअरवेल, मग आणखी खोल बोअरवेल, ही शर्यत महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांना माहीत आहे. बटण हातात आहे, पण बटण दाबल्यावर पाणी येईल की हवा, हे हातात नाही. एकट्याचा ताबा वेगवान असतो, भराभर फळ देतो आणि इतरांनी तसाच ताबा मिळवला की वितळतो. फडाचा ताबा संथ होता, पण सगळ्यांनी तो वापरला तरी कमी होत नव्हता. उलट सगळ्यांनी वापरला तरच टिकत होता.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. हा ताबा होता कोणाचा? फडाचे पाणी जमिनीला बांधलेले होते. ज्याची पट्टी नाही त्याला पाणी नाही, पंचांत जागा नाही. पाटकरी आणि जागल्या पाणी वळवत, राखत, पण त्या पाण्यात त्यांचा हिस्सा नव्हता. गावात जमीन कोणाकडे आणि राखण कोणाकडे, हे जातीच्या उतरंडीने ठरत आले, हे सांगायला नको. तेव्हा फडाला आदर्श समता म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. या आक्षेपाला उत्तर इतिहासानेच दिले, पण फडाच्या मुलखाबाहेर. 1972च्या दुष्काळानंतर पुण्यातले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानाच्या जमिनीवर काम करू लागले आणि 1974 साली ग्राम गौरव प्रतिष्ठान उभे राहिले. त्यातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे नियम फडासारखेच कडक: उसासारख्या तहानलेल्या पिकाला मज्जाव, योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभार्थ्यांनी आधी उचलायचा, पाणीवाटपाचा माणूस गटाने नेमायचा. पण पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने कुटुंबाला दिलेला, आणि भूमिहीनालाही वाटा. ऊस नको हा नियम सगळ्यांना रुचला नाही आणि ही चळवळ राज्यभर पसरली नाही. तरी तिने एवढे दाखवले की फडाचे बळ त्याच्या विषमतेत नव्हते. विषमता वजा केली तरी बंधन आणि भरवसा यांचे नाते टिकते.

आणखी एक वाट नाशिक जिल्ह्यातच निघाली. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला, ओझर परिसरात, पाणी नावापुरते पोचत होते. समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नांतून 1990च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या आणि खात्याशी करार केला: पाणी आम्हाला घनफळाने मोजून द्या, आत कसे वाटायचे ते आम्ही पाहू. कालांतराने संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. इथे पिकाची सक्ती नव्हती. कोणी द्राक्षे लावावीत, कोणी गहू; बंधन फक्त कोट्याचे. फुल्यांनी मागितलेले मापाचे पाणी शतकाहून अधिक काळाने मिळाले म्हणायचे. 2005 साली राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला आणि जागोजागी संस्था नोंदल्या गेल्या. त्यांतल्या अनेक कागदावरच राहिल्या. संस्था आहे, अध्यक्ष आहे, शिक्का आहे, पण कालव्यात पाणी केव्हा येईल हे संस्थेलाही ठाऊक नाही. अशा ठिकाणी सभासद सभेला येत नाहीत, मग त्यांना उदासीन म्हटले जाते. नीरेकाठच्या रयतेला सव्वाशे वर्षांपूर्वी लावलेले तेच विशेषण. ज्याच्या सभेतल्या शब्दाने पाटातले पाणी हलत नाही, त्याने सभेला न जाणे हा आळस नाही. तो बरोबर केलेला हिशेब आहे.

म्हणून कोणी माणसाला स्वतःवर विश्वास ठेव म्हणून उपदेश करू लागला, तर आधी त्याच्या पाटाचे दार कोणाच्या हाती आहे ते विचारावे. राज्यातल्या अनेक कालव्यांच्या शेपटाला आजही पाळीच्या रात्री शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर बसतो. वरचा कोणी दार मोडेल, पाणी मध्येच तुटेल, या धास्तीने. पीक त्याच्या निवडीचे, अर्ज त्याच्या सहीचा, दारावर हातही त्याचाच, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. फडात रात्री जागण्याचे काम एका माणसाला नेमून दिलेले होते आणि त्याचे नावच जागल्या होते. बाकीचे गाव झोपत असे.